गुन्हा कबूल नाही: एका ई-चलनाचे साडेपाच महिने

आषाढी एकादशीनंतरचा रविवार, १३ जुलै २०२५. बाबांची गाडी बघायला सांगलीहून एक जोडपं आलं होतं. गाडी २०१४ ची, पांढरी हॅचबॅक, जेमतेम ५८ हजार किलोमीटर चाललेली. बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी आधी रात्रीचं ड्रायव्हिंग सोडलं, मग दिवसाचंही, आणि गाडी पार्किंगमध्ये धूळ खात राहिली. जोडप्याला गाडी आवडली, दोन लाख साठ हजारांवर बोलणं आलं. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले, तेव्हा त्यांच्यातला नवरा मोबाइलवर काहीतरी बघत होता. तो जरा चाचरतच म्हणाला, "काका, गाडीवर चार चलनं दिसतायत. त्यातलं एक कोर्टात गेलंय."

बाबांचा चेहरा मला अजून आठवतो. त्रेचाळीस वर्षं गाडी चालवली, एकदाही पावती फाडली नाही, हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ते फक्त एवढंच म्हणाले, "तुमची काहीतरी चूक होतेय." पाहुणे सभ्य होते. चलनं मिटवून कळवा, आम्ही थांबतो, असं सांगून ते गेले.

तिथपासून गाडी खरोखर विकली जाईपर्यंत साडेपाच महिने गेले. या काळात मला जे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहून ठेवतेय. मी वकील नाही. आमचं एक प्रकरण कसं गेलं, एवढंच मला माहीत आहे.

पहिला गोंधळ झाला तो म्हणजे चलन बघायचं नेमकं कुठे. वाहतूक पोलिसांनी केलेली चलनं राज्याच्या महाट्रॅफिकच्या ई-चलन साइटवर किंवा ॲपवर दिसतात. गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे; दोन्ही आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असतात. आरटीओच्या पथकांनी केलेली चलनं मात्र केंद्राच्या परिवहन पोर्टलवर असतात. मी आधी फक्त राज्याच्या साइटवर बघितलं. तिथे तीनच दिसली, म्हणून मला वाटलं पाहुण्यांच्या ॲपनेच घोळ घातला. चौथं दुसऱ्या साइटवर सापडलं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी दोन्हीकडे बघावं.

दुसरा प्रश्न बाबांचा होता: "मला एकही मेसेज कसा आला नाही?" उत्तर साधं निघालं. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर हा बाबांचा जुना नंबर होता. ते सिम २०१९ मध्ये रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलं. चलनांचे सगळे मेसेज तिकडे गेले. आणि गंमत बघा, नव्या नंबरवर बाबांना याच काळात दोनदा 'आरटीओ चलन' नावाची फाइल व्हॉट्सॲपवर आली होती. ती चोरांची होती. उघडली की फोनचा ताबा घेणारी ती एपीके फाइल. पेपरात वाचलेलं असल्याने बाबांनी ती न उघडता पुसून टाकली आणि 'चलन वगैरे सगळं खोटं असतं' हे मनाशी पक्कं केलं. खोटे मेसेज बरोब्बर पोचत होते आणि खरे कुठल्या तरी मेलेल्या सिमवर जमा होत होते!

१४ ते १८ जुलै हा आठवडा मोबाइल नंबर बदलण्यात गेला. परिवहनच्या साइटवर हे घरबसल्या होतं, आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. आमचं आधारही जुन्याच नंबरला जोडलेलं होतं, म्हणून आधी आधार केंद्रात जाऊन ते बदललं. मग साइट दोन दिवस "नाव जुळत नाही" म्हणत राहिली, कारण आरसीवर बाबांच्या वडिलांचं नाव पूर्ण आणि आधारवर फक्त आद्याक्षर. शेवटी तिसऱ्या दिवशी झालं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण आपल्या आणि आईवडिलांच्या गाडीला कोणता नंबर जोडलाय ते आज बघून घ्या.

आता चलनांकडे. पोलिसांच्या तीन चलनांचे फोटो साइटवर होते. मी ते लॅपटॉपवर मोठे करून बाबांना दाखवले. पहिला लक्ष्मी रोडचा, नो पार्किंग. दुसराही नो पार्किंग, चार महिन्यांनंतरचा, त्याच भागातला. तिसरा सिग्नलवर झेब्रा क्रॉसिंगच्या पुढे उभी असलेली गाडी. बाबांनी चष्मा लावून तिन्ही फोटो बराच वेळ पाहिले. मागच्या काचेतला गणपती ओळखला. "आपलीच आहे," म्हणाले, "भरून टाक." मग थोड्या वेळाने आतल्या खोलीतून आवाज आला, "दुसऱ्याला पंधराशे का?"

कारण महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दरांनुसार असा गुन्हा पहिल्यांदा केला तर ५०० रुपये आणि पुन्हा केला तर १,५००. बाबांचं म्हणणं असं, की पहिल्याची खबर मिळाली असती तर दुसऱ्यांदा गाडी तिथे लावलीच नसती. मला ते पटलं. पण नंबर अद्ययावत ठेवणं ही मालकाची जबाबदारी, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. २१ जुलैला ५०० अधिक १,५०० अधिक ५०० असे २,५०० रुपये ऑनलाइन भरले. पावत्या लगेच आल्या, साइटवर 'पेड' दिसायला एक दिवस लागला. पावतीची पीडीएफ उतरवून ठेवा.

राहिलं चौथं. तारीख १९ एप्रिल २०२४, पुण्याबाहेरचा महामार्ग, ताशी १२१ किलोमीटर वेग, मोटार वाहन कायद्याचं कलम १८३, दंड २,००० रुपये. बाबा म्हणाले, "मी आयुष्यात ऐंशीच्या पुढे गेलो नाही, तुझ्या आईला विचार." आईने मान डोलावली, पण तिच्या मते साठच्याही पुढे नाही.

फोटो उघडला. पांढरी हॅचबॅक, त्याच कंपनीची. मागची काच दिसत होती, गणपती नव्हता. चाकं आमच्यासारखी साधी नव्हती, अलॉय होती. आणि नंबर प्लेटचा शेवटचा आकडा, जो चलनावर ३ लिहिला होता, तो मोठा करून बघितला तर ८ सारखा दिसत होता. मी एमपरिवहन ॲपवर ८ चा नंबर टाकला. गाडी निघाली, त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, पांढरी. मालकाच्या नावातली अर्धी अक्षरं फुल्यांनी झाकलेली. बाबांनी ते बघितलं आणि मला ॲप बंद करायला लावलं. "तो कोण आहे ते आपण शोधायचं नाही. आपली नाही एवढंच सांगायचं."

पोलिसांचं चलन असतं तर महाट्रॅफिक ॲपमध्येच तक्रार नोंदवता आली असती. शेजारच्या काकूंचं चुकीच्या नंबरचं एक चलन तसं रद्द झालेलं मला माहीत होतं. पण हे आरटीओचं होतं आणि त्याची मुदत केव्हाच उलटली होती. २३ जुलैला अर्धा दिवस रजा टाकून ज्या कार्यालयाच्या पथकाने ते केलं होतं तिथे गेले. खिडकीवरच्या बाईंनी फोटो बघितला, "हो, आठ वाटतोय" असंही म्हणाल्या, आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "पण आता हे कोर्टात गेलंय. आमच्याकडून काढता येत नाही." त्या बोलायला नीट होत्या. चूक दिसत होती, पण ती दुरुस्त करायचं बटण त्यांच्याकडे नव्हतं.

कोर्टात गेलंय म्हणजे नेमकं कुठे, हे मला तोवर कळत नव्हतं. मी काळा कोट आणि कठडा डोळ्यांसमोर आणत होते. प्रत्यक्षात आमच्या वेळी न भरलेलं चलन आधी जायचं ते व्हर्च्युअल कोर्टात. २०१९ मध्ये दिल्लीत हा प्रकार सुरू झाला, महाराष्ट्रातलं पहिलं व्हर्च्युअल कोर्ट २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला. तिथे आपण जायचं नसतं. 'व्हीकोर्ट्‌स' नावाच्या सरकारी साइटवर यादीतून महाराष्ट्राचा परिवहन विभाग निवडायचा आणि मोबाइल नंबर, सीएनआर, पक्षकाराचं नाव किंवा चलन नाहीतर गाडीचा नंबर यांपैकी एकाने शोधायचं. मोबाइल नंबरने आमचं काही निघालं नाही (कारण उघड आहे), गाडीच्या नंबरने निघालं. बाबांचं नाव, कलम, प्रस्तावित दंड, आणि सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर. हा सीएनआर म्हणजे त्या प्रकरणाचा आधार नंबर समजा. मी तो कागदावर, मोबाइलमध्ये आणि फ्रिजवरच्या चिठ्ठीवर लिहून ठेवला.

त्या पानावर दोनच पर्याय असतात. दंड भरायचा आहे, किंवा दाद मागायची आहे. भरलं की प्रकरण तिथेच संपतं. दाद मागायची म्हटलं की ते त्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जातं, आणि मग ऑनलाइन भरून मोकळं होण्याचा मार्ग बंद. मी बाबांना तीनदा विचारलं. सांगलीचे लोक थांबलेत, दोन हजारांचा प्रश्न आहे, कोर्ट आपल्या गावात नाही. बाबांनी शांतपणे विचारलं, "पैसे भरले की कागदावर काय राहील?" मी म्हटलं, "गुन्हा कबूल केला असं." ते म्हणाले, "मग झालं तर." २४ जुलैला रात्री नऊ वाजता ओटीपी टाकून दाद मागण्याचा पर्याय नोंदवला. मला त्या रात्री झोप लागली नाही, बाबा घोरत होते.

त्यानंतर काहीच नाही. ऑगस्टभर काहीच नाही. व्हीकोर्ट्‌सवर प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग झाल्याचा शेरा दिसत होता, पण कोणत्या कोर्टात, तारीख कधी, याचा पत्ता नाही. समन्स येईल म्हणून आम्ही पोस्टमनची वाट बघत बसलो. सांगलीच्या जोडप्याने महिनाभर वाट पाहून दुसरी गाडी घेतली. त्यांचा फोन आला तेव्हा बाबांनीच त्यांचं अभिनंदन केलं.

गणपती गेल्यावर, ८ सप्टेंबरला, मी कोर्टांतल्या खटल्यांची स्थिती दाखवणाऱ्या ई-कोर्ट्‌सच्या साइटवर पुन्हा नेटाने बसले. जुन्या सीएनआरवर वर्ग झाल्याच्या पुढचं काही निघेना. तालुक्याच्या कोर्टात प्रकरण नव्याने नोंदलं जातं, तेव्हा नवा क्रमांक पडतो, हे मला नंतर कळलं. मग पक्षकाराच्या नावाने शोध. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडायचं, नावाची किमान तीन अक्षरं आणि वर्ष टाकायचं, 'प्रलंबित' निवडायचं. बाबांच्या आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं चार प्रकारे होतात. पहिल्या दोन्ही स्पेलिंगांनी शून्य. तिसऱ्याने सदतीस प्रकरणं, त्यात कुणाचे जमिनीचे दावे, कुणाचे चेक न वटल्याचे. पान खाली सरकवताना अनोळखी माणसांची भांडणं वाचायला संकोच वाटत होता. एकतिसावं आमचं निघालं. समोर परिवहन खातं, आरोपी म्हणून बाबांचं पूर्ण नाव, पुढची तारीख २५ सप्टेंबर.

आरोपी. तो शब्द मी बाबांना दाखवला नाही.

नवा सीएनआर मिळाल्यावर गोष्टी सोप्या झाल्या. ई-कोर्ट्‌सच्या ॲपमध्ये तो जपून ठेवता येतो, प्रत्येक तारखेला काय झालं ते तिथे दिसतं. इंटरनेट नसेल तर इंग्रजीत ईकोर्ट्‌स लिहून, जागा सोडून, सीएनआर टाकून ९७६६८९९८९९ वर एसएमएस केला की स्थिती येते. बाबांना हा एसएमएस फार आवडला. रोज सकाळी चहाबरोबर एक पाठवायचे.

दरम्यान कागद जमवले, आणि इथेच आमचं नशीब चांगलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये गाडीचं क्लच प्लेटचं काम झालं होतं. बाबा प्रत्येक बिल फाइलला लावतात (आम्ही त्यांना यावरून चिडवायचो, आता नाही). गॅरेजचं जॉब कार्ड सापडलं: गाडी आत १७ एप्रिल, बाहेर २२ एप्रिल, आत येतानाचं किलोमीटर वाचन ५१,२१२ आणि बाहेर जाताना ५१,२१४. चलन १९ एप्रिलचं. त्या महामार्गावर जायचं तर मधे टोलनाका लागतो, म्हणून बँकेकडून फास्टॅगचं त्या महिन्याचं स्टेटमेंट मागवलं. बँकेच्या ॲपमध्ये इतकं जुनं दिसत नव्हतं, ईमेल केल्यावर सहा दिवसांनी आलं. अख्ख्या एप्रिलमध्ये एकही टोल नाही. यांच्या जोडीला चलनाच्या फोटोची मोठी रंगीत प्रत, आमच्या गाडीचे चारी बाजूंचे फोटो, आरसी, लायसन्स आणि आधार.

माझ्या एका मैत्रिणीची बहीण वकिली करते. तिने फोनवर दोन पानी अर्ज मराठीत लिहून दिला आणि त्यात एक मुद्दा घातला, जो मला माहीत नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये ऑगस्ट २०२१ ला १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याच्या नोटिशीबरोबर गुन्हा आणि नंबर प्लेट दाखवणारा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, वेळ आणि जागा हे सगळं असायला हवं, आणि नोटीस पंधरा दिवसांत जायला हवी, असं तो सांगतो. तिने पैसे घेतले नाहीत. कोर्टाबाहेर विचारलं तेव्हा एका वकिलांनी पाच हजार सांगितले होते, आणि वर म्हणाले होते, "काका, दोन हजारांसाठी पाच घालवताय." बाबांनाही ते गणित कळत होतंच.

२५ सप्टेंबर, नवरात्राचे दिवस. पहाटे साडेसहाची एसटी पकडली. मला महिलांचं अर्धं तिकीट, बाबांना पासष्टच्या वरच्यांचं अर्धं तिकीट, म्हणजे दोघांत मिळून एक. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, जणू बक्षीस समारंभाला निघालेत. साडेदहाला पोचलो. दारावर बोर्ड लावलेला असतो, त्यात आपला क्रमांक बघायचा, आमचा ६४. अकरा वाजता कळलं की न्यायाधीश मॅडम रजेवर आहेत. लिपिकाने वहीत बघून सांगितलं, १६ ऑक्टोबर. सही करून परत. जाऊन-येऊन सहा तासांचा प्रवास आणि कोर्टात पाच मिनिटं. पहिली तारीख अशीच जाते असं धरून चाला, म्हणजे त्रास कमी होतो. मला झाला. एसटीत मी बाबांशी एक शब्द बोलले नाही.

१६ ऑक्टोबरला दुपारी सव्वातीनला पुकारा झाला. शिपायाने आडनाव चुकीचं उच्चारलं, बाबा उठलेच नाहीत, मी त्यांना ढकललं. मी बाजूला उभी. मॅडमनी कागद चाळले.

"आजोबा, दोन हजारांचा दंड आहे. गुन्हा कबूल आहे का?"

"नाही साहेब. कबूल नाही."

"गाडी तुमचीच आहे ना?"

"माझी गाडी त्या दिवशी गॅरेजात होती. फोटोतली माझी नाही. नंबरपण माझा नाही, शेवटचा आकडा आठ आहे."

बाबांनी हे घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं, आईने नंतर सांगितलं. मॅडमनी मोठा केलेला फोटो हातात घेतला, खिडकीकडे वळवून पाहिला. जॉब कार्डवरचे किलोमीटर वाचून त्यांनी "गॅरेजचं बिल आहे का?" एवढं विचारलं. होतं. फास्टॅगचा कागद मात्र त्यांनी बाजूला ठेवला. रोख भरूनही टोल ओलांडता येतो, त्यामुळे त्याने काही सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. मी त्याच कागदावर सगळ्यात जास्त विसंबून होते. मग अर्ज दाखल करून घेतला, परिवहन खात्याने आपलं म्हणणं द्यावं असा आदेश, पुढची तारीख १३ नोव्हेंबर. बाहेर आल्यावर बाबांनी कॅन्टीनमध्ये दोन चहा आणि एक वडा मागवला, वडा मला दिला.

दिवाळी मधे गेली. १३ नोव्हेंबरला खात्याकडून कुणी आलं नाही, म्हणणंही नाही. तेव्हा लिपिकाने चांगल्या मनाने एक वाट सुचवली. १३ डिसेंबरला राष्ट्रीय लोकअदालत आहे, तिथे प्रकरण ठेवा, थोडंफार कमी होऊन एका दिवसात निकाल लागेल.

मी लगेच हो म्हणणार होते. माझ्या ऑफिसातल्या एकीने १३ सप्टेंबरच्या लोकअदालतीत तिची जुनी चलनं मिटवली होती आणि ती खूश होती. तिथे कोर्ट फी नाही, वकील लागत नाही. पण लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील करता येत नाही, आणि मुळात तिथे होते ती तडजोड. बाबांनी लिपिकाला हात जोडले. "तडजोड माझ्या चुकीची करीन हो. दुसऱ्याच्या गाडीची कशी करू?"

परतीच्या एसटीत आमचं भांडण झालं. माझ्या पाच रजा गेल्या होत्या, गाडीचं गिऱ्हाईक गेलं होतं, आणि बाबा तत्त्वाची भाषा करत होते. मी म्हटलं, कुणाला काय सिद्ध करून दाखवायचंय? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुणाला नाही. त्रेचाळीस वर्षं झाली." पुढे काही बोलले नाहीत. स्वारगेटला उतरताना त्यांनी माझी पिशवी घेतली.

ज्यांनी खरोखर सिग्नल तोडलाय, त्यांनी लोकअदालतीत जावं, त्यात कमीपणा काही नाही. आमच्या लक्ष्मी रोडच्या चलनांसाठी बाबा स्वतः आनंदाने गेले असते, मी ती आधीच भरून टाकली म्हणून नंतर मला बोलणीही बसली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली. त्यामुळे ४ डिसेंबरला ते एसटीने फुकट आले. पंचाहत्तरीच्या वरच्यांना राज्यात एसटी मोफत आहे. कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना त्यांचा उत्साह बघण्यासारखा होता. "खटला लांबला तो काही अगदीच वाया नाही गेला," म्हणाले.

त्या दिवशी खात्याचा एक पानी अहवाल आलेला होता. छायाचित्राची फेरतपासणी केली असता वाहन क्रमांकाचा शेवटचा अंक वाचण्यात चूक झाल्याचे दिसून येते, अशा अर्थाची दोन वाक्यं. मॅडमनी वाचलं, काहीतरी लिहिलं, कारवाई थांबवून प्रकरण निकाली काढलं असं सांगितलं आणि पुढच्याचा पुकारा झाला. दोन मिनिटंही लागली नसतील. बाबा जागेवरून हलेनात. शिपायाने हळूच म्हटलं, "काका, झालं तुमचं."

झालं असं मलाही वाटलं होतं. संध्याकाळी ई-कोर्ट्‌सवर 'निकाली' दिसू लागलं, पण परिवहन पोर्टलवर चलन तसंच प्रलंबित. कोर्टाचा आदेश आपोआप तिकडे पोचत नाही, निदान आमचा पोचला नाही. म्हणून आदेशाची प्रमाणित नक्कल काढावी लागली. हा अर्ज निकालाच्या दिवशीच, तिथे असतानाच द्या, कोर्ट फी स्टॅम्प लावून. आम्ही न देता घरी आलो आणि पुन्हा जावं लागलं. नक्कल ११ डिसेंबरला हातात पडली. ती आणि एक साधा अर्ज त्याच आरटीओ कार्यालयात दिला, आवक क्रमांकाचा शिक्का आमच्या प्रतीवर मारून घेतला. खिडकीवर त्याच बाई होत्या. त्यांनी ओळखलं, आणि "निघालं का आठ?" असं विचारलं. २२ डिसेंबरला पोर्टल कोरं झालं.

खर्चाचं विचाराल तर स्वतःच्या चुकांचे २,५०० रुपये. दुसऱ्याच्या चुकीपायी प्रवास, झेरॉक्स, रंगीत प्रिंट, नक्कल, चहा-वडे मिळून साधारण १,९०० रुपये, म्हणजे दंडापेक्षा शंभरच कमी, आणि माझ्या सात रजा. गाडी शेवटी हडपसरच्या एका शिक्षिकेने २८ डिसेंबरला दोन लाख चाळीस हजारांना घेतली. सांगलीच्या बोलीपेक्षा वीस हजार कमी. हे आकडे मी बाबांना एकत्र मांडून दाखवलेले नाहीत. त्यांनी केव्हाच मांडले असणार.

त्या रविवारी हस्तांतरणाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरताना शिक्षिकाबाई मोबाइल नंबरच्या रकान्यापाशी थांबल्या. "मुलाचा टाकू का? तोच सगळं बघतो," म्हणाल्या. बाबांनी पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं, आणि म्हणाले, "तुमचा सांगा. सावकाश सांगा, एकेक आकडा."